तंबाखूमुक्त मावळची डबी

११ जानेवारी २०२६, रविवार

आज माझ्या नाकातून धूर निघाला. कलिंगडाच्या वासाचा!

झालं असं — पेपरातल्या एका बातमीखाली खूण करायची होती म्हणून पायलच्या सॅकमधून हायलायटर काढला. गुलाबी. उमटेना. पेन अडलं की मागून तोंडाने ओढायचं, ही पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना लागलेली खोड. ओढलं. टोकाला निळा दिवा लागला, घसा खरवडला आणि तोंडातून, नाकातून ढग बाहेर पडला. भामाबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हात जोडले. माझ्या अंगात आलं असं वाटलं म्हणे त्यांना.

पायल माझी नात. अकरावीला, सतरावं लागलंय. कान्ह्याहून रोज लोकलने लोणावळ्याला कॉलेजात जाते. आधी म्हणाली, मैत्रिणीचं आहे. मग म्हणाली, सगळेच ओढतात. मग म्हणाली, आजी, यात तंबाखू नसतेच मुळी, नुसता वास. मी त्या यंत्रावर बारीक अक्षरात लिहिलेलं निकोटीन दाखवलं. चष्मा लावून! तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आणि तू रोज तव्यावर भाजून दातांना काय लावतेस? बुक्का?"

मिश्री. दुसरं काय लावणार. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आमच्याकडे मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नाही. ते मंजन. माझ्या आईचं मंजन, तिच्या आईचं मंजन.

शेवटी तह झाला. तिने हे सोडायचं, मी मिश्री सोडायची. अमृतला, म्हणजे तिच्या बापाला, सांगायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी दोघींनी खूण करायची — तिची लाल, माझी निळी.

ते यंत्र मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. बादलीला कलिंगडाचा वास लागला तो जात नाही.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी सहा ते सव्वानऊ मिश्री सोडली होती. संध्याकाळी खूण केली. निळी.

१५ जानेवारी, गुरुवार

पायलला गोडीत विचारलं, कुठून आणलंस? फोनवरून म्हणे. स्टेशनबाहेर स्कूटरवाला आणून देतो, चार्जर म्हणून. या ई-सिगारेटी विकायला देशात २०१९ पासून बंदी आहे! मी अमृतला (पायलचं नाव न घेता) म्हटलं तर तो म्हणाला, आई, बंदी आहे म्हणजे झालंच की. कंपनीतून तिसरी पाळी करून आलेल्या माणसाशी काय बोलणार.

आणि हे एकच नाही. बचत गटाची सविता सांगत होती, आता पांढऱ्या चपट्या पुड्या आल्यात, ओठामागे ठेवायच्या, पुदिन्याच्या. तिच्या भाच्याकडे सापडल्या. त्यांचं कायद्यात काय, तर कुणालाच धड ठाऊक नाही. एक बंद केलं की दुसरं नव्या कपड्यात हजर. म्हणजे एकेकाच्या मागे धावून उपयोग नाही. उलटं पाहिजे — निकोटीनचं कोणतंही नवं काहीही आधी बंद, मग काय ते विचारा. सगळे वास बंद. कलिंगड, पुदिना, आंबा, बबलगम — सगळे. पोरांना वासाने ओढतात आणि निकोटीनने बांधतात. फोनवरून विकणाऱ्यावरही खटला. हे दिल्लीनेच करायला हवं, इथल्या फौजदाराचं काम नाही. मी निवेदन लिहायला घेतलंय.

मला भीती वाटते. इथे लिहिते, दुसरीकडे बोलणार नाही. ह्यांचा जबडा काढला तेव्हा पायल आठ वर्षांची होती. आजोबा, तुम्ही असं काय बोलता, विचारायची. शेवटचे चार महिने ते पाटीवर लिहून बोलले. त्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी मिश्री लावायची. तेव्हाही.

हे लिहितानाही तोंडात आहे. वहीशी काय खोटं बोलायचं.

१८ जानेवारी, रविवार

सविताच्या घरी गटाचं हळदीकुंकू. निवेदनावर सह्या घेतल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला सही केल्याशिवाय तिळगूळ मिळणार नाही, असं सविताने दारातच सांगून टाकलं. एकशे चौदा सह्या, बावीस अंगठे.

वाण म्हणून स्टीलच्या छोट्या डब्या वाटल्या. कल्पना माझी! झाकणावर स्टिकर — "तंबाखूमुक्त मावळ". आत बडीशेप. पोरीबाळींनी बघावं, घरात विषय निघावा.

भामाबाईंनी बडीशेप तळहातावर रिकामी केली, एका दमात तोंडात टाकली, कमरेची पुरचुंडी सोडली आणि मिश्री डबीत ओतली. झाकण लावून कानाशी हलवून बघितलं. सांडत नाही म्हणाल्या. अर्ध्या तासात खोलीभर तेच चाललं होतं. सगळ्या खूश. एवढं उपयोगी वाण आजवर कुणी दिलं नव्हतं म्हणे. मी कपाळाला हात लावला.

मीही घरी आल्यावर तेच केलं. खरंच सांडत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

नथू नव्या तांदळाचं पोतं घेऊन आला. पवनेकडचा आमचा नेहमीचा शेतकरी, वर्षाची इंद्रायणी त्याच्याकडूनच. पिंपात ओतून दिली आणि चहा पिऊन गेला. पिंप माझ्या ताब्यात असतं. सूनबाई रोजचे तांदूळ लहान डब्यातून घेते, तो डबा दर रविवारी मी भरते.

म्हणून डबी पिंपात लपवली. उजव्या अंगाला, कोपरापर्यंत हात घालून, तळाशी. पायल घरभर शोधेल, तांदळात कशाला बघेल!

२६ जानेवारी, सोमवार

ग्रामसभा. झेंडावंदनानंतर लगेच निवेदनाला पाठिंब्याचा ठराव मांडला. एकमताने मंजूर. कारण, सरपंचांनी तो काय आहे ते विचारलंच नाही. मागच्या रांगेतल्या एका आबांनी मात्र हात वर केला. ते यंत्र बसवायला ग्रामपंचायत अनुदान देणार का, असं विचारलं. मी म्हटलं, यंत्र बसवायचं नाही, बंद करायचंय. ते म्हणाले, मग आधी कुनी बसवलं?

खरी अडचण नंतर आली. निवेदनात मी व्याख्या लिहिली होती — "धूर न होणारी, तोंडात ठेवायची अथवा दातांना चोळायची सर्व निकोटीनयुक्त उत्पादने". मोठ्याने वाचलं आणि बायकांचे हात कमरेच्या डब्यांकडे गेले. सविता हळूच म्हणाली, बाई, ते चोळायचं तेवढं काढा. मी म्हटलं, कंपन्या उद्या चोळायचंही बाजारात काढतील. भामाबाई उठून उभ्या राहिल्या. "राजेश्वरी, तू दिल्लीला आमच्या तोंडातलं काडून घ्यायला सांगायलीस व्हय? मंग माझा अंगठा माघारी दे." त्यांच्यामागे एकवीस अंगठे उभे राहिले.

दीड तास चर्चा. जन गण मन म्हणून सभा संपली होती तरी चर्चा सुरू. शेवटी मी पेन घेतलं आणि "अथवा दातांना चोळायची" खोडलं. एकमताने! टाळ्या पडल्या. माझाही जीव भांड्यात पडला, हे सगळ्यात वाईट.

१ फेब्रुवारी, रविवार

गावात निम्म्या लोकांनी ते यंत्र पाहिलेलंच नाही. खरं दाखवायला नेता येत नाही, जवळ ठेवणंच गुन्हा. म्हणून गोरखला सांगितलं. गणपतीची मखरं करतो, हात चांगला आहे. थर्माकोलचं मॉडेल कर म्हटलं, टेबलावर ठेवता येईल असं.

आज आणून दाखवलं. पाच फूट! बाईंचं काम म्हणून मी जीव ओतला म्हणाला. गुलाबी रंग, वर चांदीची पट्टी, टोकाला फिरता निळा दिवा. आत लग्नाच्या डीजेतलं धुराचं मशीन. बटण दाबलं की वरून ढग. भामाबाईंनी पुन्हा हात जोडले.

कॅलेंडरवर आज तीन आठवडे पुरे झाले. लाल-निळ्या खुणा दिसायला फार छान दिसतात. पायलने तिची करताना माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लोणावळ्यात फेरी. टेम्पोत मॉडेल, मागे आम्ही छत्तीस बायका, घोषणा. पर्यटकांनी गाड्या थांबवल्या. मला वाटलं, विषय पोहोचला. ते मॉडेलबरोबर फोटो काढत होते. एकाने विचारलं, मॅडम, उद्घाटन कधी आहे? दोघांनी कुठे मिळतं ते विचारलं. तिसऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, गुलाबी म्हणजे कलिंगड की लिची?

नाक्यावर हवालदारांनी टेम्पो अडवला. हे बाळगायला बंदी आहे, ठाऊक नाही का? मी म्हटलं, साहेब, हे थर्माकोल आहे. ते म्हणाले, चालू स्थितीत आहे का? गोरखला कोण सांगणार! त्याने अभिमानाने बटण दाबलं. ढग उठला. हवालदार ढगातून बाहेर आले आणि म्हणाले, आता माझा नाइलाज आहे.

रीतसर पंचनामा. "गुलाबी रंगाचे, उंची पाच फूट दोन इंच, चालू स्थितीत." पंच म्हणून एक चिक्कीवाले आणि एक फोटो काढणारे पर्यटक. लिहिता लिहिता हवालदारांनी तळहातावर तंबाखू-चुना मळला, एक चिमूट स्वतः घेतली, एक गोरखला दिली. गोरखने घेतली. मी बघत राहिले. मग सहीला बोलावलं तेव्हा वळून मीही डबीतून थोडी घेतली. स्टिकर बोटाने झाकून.

मॉडेल जप्त. ठेवायला जागा नाही म्हणून पुन्हा गोरखच्याच गोदामात ठेवलंय, सील लावून.

८ फेब्रुवारी, रविवार

लहान डबा भरताना पिंप उघडलं आणि दरवळ आला. आंब्याचा! भात केला, त्यालाही. जाऊबाईंना वाटीभर तांदूळ दिले होते, त्या म्हणाल्या, हा आंबेमोहोर हाये.

म्हणजे नथूने इंद्रायणी म्हणून आंबेमोहोर घातला की काय? तो महाग. मला इंद्रायणीच्या भावात मिळाला हे बरोबर नाही. फोन लावला, आभार मानले आणि थोडं रागावलेही, असं गुपचूप कशाला करायचं. त्याने मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "बाई, इंद्रायणीच हाये ती. आंबेमोहोर म्या वीस वर्सात लावला न्हाई."

मोठ्या मनाचा माणूस. कबूलही करत नाही. संक्रांतीचे लाडू उरलेत, पाठवून देते.

पायल आजकाल भात मागून मागून खाते. कलिंगडाची ओढ गेली, घरचा वास आवडायला लागला. मला फार बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र आलं!! केंद्राने नेमलेली अभ्यास समिती, विषय "नवीन तंबाखूजन्य व निकोटीनयुक्त उत्पादने : राष्ट्रीय धोरण". लोकांचं म्हणणं ऐकणार. वीस तारखेला, तुंगार्लीच्या एका रिसॉर्टमध्ये. माझ्या निवेदनाला तीन मिनिटं दिली आहेत. तीन मिनिटांत देशाचं धोरण! पण देशात आणखी कुणाला मिळाली आहेत?

पिंपातली डबी आज डाव्या अंगाला सापडली. मी नेहमी उजवीकडे ठेवते. उंदीर झालेत. पिंजरा लावला.

१५ फेब्रुवारी, रविवार

पिंजऱ्यात काही नाही. डबी पुन्हा डावीकडे. हुशार उंदीर.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आरशासमोर तीन मिनिटांचं भाषण म्हणून बघितलं. दात काळे. विज्ञानाची शिक्षिका, "निकोटीन मेंदूला कसं बांधतं" म्हणतेय आणि काळे दात दाखवतेय. तोंड कमी उघडून म्हणून बघितलं तर शब्द कळेनात.

ठरवलं, परवाच्या दिवशी सकाळी लावायचीच नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लावली. अर्धं बोट.

अमृतने रजा टाकून गाडीने सोडलं. बरोबर भामाबाई आणि सविता. तुंगार्लीच्या तळ्याकडच्या रस्त्याला ते रिसॉर्ट. समितीचा हॉल आणि पोहण्याचा तलाव यांच्यामध्ये फक्त काच. काचेपलीकडे मुंबईची एक पार्टी चालली होती. समिती "उपलब्धतेबाबत पुरावा आहे का" विचारत होती आणि त्यांच्या पाठीमागे सात-आठ जण तलावात उभे राहून रंगीबेरंगी हायलायटर ओढत होते. मी बोट दाखवलं. सगळे सदस्य वळले. तेवढ्यात कारकुनाने तिरीप येते म्हणून पडदा ओढून घेतला.

जेवणानंतर विडे आले. एका सदस्यांनी साधा, दुसऱ्यांनी एकशेवीस जर्द्याचा. मग माझी वेळ.

बरी बोलले. नवं ते आधी बंद, सगळे वास बंद, फोनवरून विकणाऱ्यावर खटला, शाळा-कॉलेजात तपासणी नको, मदत हवी. अध्यक्ष मान हलवत होते. हिंदीत म्हणाले, छान. आणि सहज विचारलं, आपण स्वतः कधी तंबाखू घेतली आहे का?

"नाही" जिभेवरच होतं. पण मला पाटी दिसली. ह्यांची, खडूने लिहिलेली. मी म्हटलं, "मी मिश्री लावते. चव्वेचाळीस वर्षं. आज सकाळीही लावली. नातीला सोडली म्हणून सांगितलंय." आणि पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. तंबाखूमुक्त मावळ.

मला वाटलं आता काहीतरी होईल. अध्यक्ष शेजारच्यांशी कुजबुजले. मग म्हणाले, ही समिती फक्त नवीन उत्पादनांसाठी आहे. मिश्री जुनी आहे, आमच्या कक्षेत येत नाही. कारकुनाला म्हणाले, एवढं नोंदीतून वगळा. भामाबाई मागून म्हणाल्या, बगा, मी म्हनलं न्हवतं, मिश्रीला काय करत न्हाईत! डबी परत माझ्या हातात दिली. अदबीने.

मला रडू आलं. म्हटलं, साहेब, मी हरले, पण माझी नात जिंकली. पायल. चाळीस दिवस झाले, तिने ते यंत्र तोंडाला लावलं नाही. सतरा वर्षांची पोर करू शकते तर देश का नाही करणार? हे मात्र लिहून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, अशा उदाहरणावरच धोरण उभं राहतं. पायलचं पूर्ण नाव विचारलं, मी दिलं.

संध्याकाळी घरी येऊन तिला सगळं सांगितलं. खोट्या खुणा, सगळ्या. तिने आधी एकच विचारलं — माझं नाव लिहून घेतलं? मी म्हटलं, हो गं, राष्ट्रीय अहवालात येईल! ती कॅलेंडरकडे बघत राहिली. जेवली नाही. माझ्या खोटेपणाचा पोरीला केवढा धक्का बसला असेल. आजवर एवढी शरम मला कशाचीच वाटली नव्हती.

डबी सवयीने पिंपात ठेवली. उद्या फेकणार. वहीत लिहिलं म्हणजे खरं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

डबी फेकायची म्हणून दुपारी पिंपात कोपरापर्यंत हात घातला. पुन्हा डावीकडे. तिला लागून आणखी काहीतरी होतं. गुळगुळीत, हायलायटरएवढं. पिवळं. वर आंब्याचं चित्र.

उंदीर नव्हता. नथूचंही खरं होतं.

माझी डबी रोज तिच्या हाताला लागत होती.

दोन्ही ताटात काढून ठेवली आहेत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. पायलची लोकल साडेपाचला येते. आज भात लावलेला नाही.